गागोद्याचे विनोबा आणि दिलेल्या जमिनीचा प्रश्न

शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें ४:३२ ते ५:११, १ राजे २१:१-१६

पेण व रोहें या तालुक्यांतील आमच्या वाचकांस जमिनीचें मोल शिकवावयास नको. खाचर कोणाच्या नांवावर आणि त्यांत राबतो कोण, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांच्या घरीं रोजचा होता. अलिबाग तालुक्यांतील चरी येथें कुळांनीं खोतांचीं शेतें न कसण्याचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालविला, तो याच दुःखापायीं. त्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या एका मनुष्यानें पुढें देशभर पायीं फिरून, हातीं ना शस्त्र ना सत्ता असतां, जमीनदारांपाशीं जमीन मागितली. त्याचा वृत्तांत आज पाठासाठीं घेतों.

विनायक नरहरि भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं झाला. त्या वेळीं हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हें नांव १९८१ सालीं आलें. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांची एक गोष्ट ते पुढें सांगत असत. अंगणांतील फणस पिकला म्हणजे आई तो फोडून पानांवर वांटे घाली आणि मुलाच्या हातीं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवी. सर्वांस पोंचल्यावर मग घरच्या मुलांस मिळे. फणसाचा वास घरभर सुटलेला असतां मुलानें थांबावयाचें, हें किती कठीण, तें कोंकणांतल्या माणसास सांगणें नको!

याच माउलीस गीतेचें संस्कृत कळेना, म्हणून मुलानेंच ती मराठींत करावी असें तिनें सुचविलें. ती १९१८ सालीं वारली. मुलानें ‘गीताई’ लिहिली ती १९३० च्या सुमारास. साध्या बायामाणसांस देववचन कळावें म्हणून पंडिता रमाबाईंनीं संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविलें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ग्रंथ निराळे, परंतु ज्याला कळत नाहीं त्याच्यासाठीं श्रम करावे ही तळमळ एकाच जातीची.

१९१६ सालीं परीक्षेसाठीं मुंबईस निघालेला हा तरुण वाटेंत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. त्याच वर्षी ७ जून रोजीं अहमदाबादेजवळ कोचरब आश्रमांत त्याची व गांधीजींची भेट झाली. १९२१ पासून वर्धा हें त्यांचें कार्यक्षेत्र झालें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. १९४० सालीं गांधीजींनीं वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला, तेव्हां पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांस निवडिलें. जवाहरलाल नेहरू दुसरे. १७ ऑक्टोबर रोजीं पवनार येथें त्यांनीं युद्धाविरुद्ध भाषण केलें व नंतर ते तुरुंगांत गेले.

आतां मुख्य गोष्ट. तेलंगणांत कुळें व जमीनदार यांच्यामध्यें रक्तपात चालला होता. त्या मुलुखांत विनोबा पायीं गेले. १८ एप्रिल १९५१ रोजीं नलगोंडा जिल्ह्यांतील पोचमपल्ली येथें अस्पृश्य मानलेल्या भूमिहीन कुटुंबांनीं त्यांच्यापाशीं ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांपाशीं कोठली जमीन? त्यांनीं जमलेल्या गांवकऱ्यांसच विचारिलें. तेव्हां रामचंद्र रेड्डी नांवाचे जमीनदार उभे राहिले आणि शंभर एकर देतों म्हणाले. भूदानाचा आरंभ तो हाच. पुढें सुमारें तेरा वर्षें विनोबा गांवोगांव चालले. तुम्हांस पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वांटा द्या, असें त्यांचें मागणें असे.

अहाबानेंही नाबोथापाशीं मळा मागितला होता. परंतु त्याच्या मागें राजसत्ता होती, आणि नकार मिळतांच ईजबेलीनें खोटे साक्षीदार उभे केले. ज्यास नाहीं म्हणण्याची खरी मोकळीक आहे, त्याच्यापाशीं केलेलें मागणें निराळें. विनोबांस नाहीं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांचें त्यांनीं कांहीं वांकडें केलें नाहीं.

चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानांत आली असा हिशेब आहे. येथें थांबून टाळ्या वाजविणें सोपें आहे. परंतु त्यांतील पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ कोर्टकचेरींत अडकली, आणि मोठा भाग भूमिहीनांच्या हातीं कधींच पोंचला नाहीं. सभेंत शब्द दिला गेला, कागद झाला. बांध मात्र घातला गेला नाहीं. दोष एकट्या दात्यांचा नव्हे. मोजणी, वांटप व मागाहूनची देखरेख यांची व्यवस्था चळवळीनें पुरेशी केली नाहीं, असें आमचें मत आहे.

दुसऱ्याही गोष्टी लपवीत नाहीं. १९७५ च्या आणीबाणीचा त्यांनीं उघड विरोध केला नाहीं, याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. सर्व धर्मांस ते सारखेच मानीत. प्रभु येशूविषयीं आमचा विश्वास तसा नाहीं. तरी नवा करार त्यांनीं आदरानें अभ्यासिला व त्यांतील निवडक वचनांचें ‘ख्रिस्त-धर्म-सार’ तयार केलें. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथें त्यांचें देहावसान झालें.

उपदेशकांनीं हा पाठ घेतांना बर्णबा आणि हनन्या यांस शेजारीं ठेवावें. दोघांनींही जमीन विकली, दोघेही प्रेषितांच्या पायांशीं आले. मग आपल्या मंडळीकडे वळावें. पिकाच्या उपकारस्तुतीच्या सभेंत मणभर भात बोललेलें असतें. तें किती घरांतून खरोखर येतें? मयत भावाचें खाचर कसणारा बंधु त्याच्या विधवेस वांटा देतों असें पंचांसमोर म्हणाला. सात-बारावर तिचें नांव चढलें काय? शेत विकलें नसतें तरी तें हनन्याचेंच होतें, आणि विकल्यावरही पैसा त्याच्याच हातीं होता, हें पेत्रानें त्यास स्पष्ट सांगितलें. मग पेत्रानें त्याला दोष दिला तो नेमका कशाबद्दल, हें वर्गांतील प्रत्येकानें आपल्या शब्दांत सांगावें.