चाफ्याला शेंग का धरत नाही?

प्रश्न : आमच्या परड्यात पांढऱ्या चाफ्याचं जुनं झाड आहे. उन्हाळ्यात कोणी पाणी घालत नाही, तरी खाली फुलांचा सडा पडतो. शेंग मात्र कधी पाहिली नाही. मग नवं झाड करायचं कसं?
– एक वाचक, मेढा (ता. जावळी)

उत्तर : चाफ्याचा वास ही चक्क फसवणूक आहे. फुलात मधाचा थेंब नसतो. अंधार पडला की वास वाढतो, लांब सोंडेचे पतंग मधाच्या आशेने फुलामागून फूल धुंडाळतात आणि त्या खटाटोपात परागकण इकडचे तिकडे होतात. हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. आपल्या देवळांच्या आवारात ते इतकं रुळलंय, की परकं म्हटलं तर पुजारीच भांडायला उठतील! इथे त्याला शेंग क्वचित धरते. धरलीच तर शिंगांसारखी जोडशेंग, आत पंखाच्या चपट्या बिया. पण बियांचं झाड आईसारखंच फुलेल असं नाही, त्यामुळे फांदीच लावावी.

हाताच्या अंगठ्याएवढी जाड, राखाडी सालीची, फूट-दीड फूट फांदी घ्या. कोवळी हिरवी नको. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पानं काढून फांदी सावलीत आठ-पंधरा दिवस तशीच ठेवा. कापलेलं तोंड सुकलं नाही तर ती मातीत हमखास कुजते. मग चार बोटं खोल रोवा, आधाराला काठी बांधा आणि पानं फुटेपर्यंत पाणी बेतानेच द्या.

तुमच्याकडे उन्हाळ्याची काळजी नको. जाड खोडात पाणी साठवून आणि पानं गाळून झाड तो निभावतं. थंडीत उघडं पडलेलं झाड मेलं समजून तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. जावळी खोऱ्यात चाफ्याचा खरा वैरी आषाढ-श्रावणातला पाऊस. बुडाशी पाणी तुंबलं की मुळं सडतात. म्हणून सखल, चिकण मातीची जागा सोडा. उताराची, मुरमाची, दिवसभर उन्हाची निवडा. सपाटीच असेल तर मुरूम टाकून वरंबा करा. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. पडलेली पानं गोळा करून जाळा.

आणि सगळे लावतात म्हणून जूनमध्ये लावू नका. माघ-फाल्गुनात लावलेली फांदी मृगापर्यंत मूळ धरते.