गोळीचा वार एकच ठेव, बाई

छोटे, डॉक्टरांनी तुझ्या इसबासाठी मेथोट्रेक्सेटचं नाव काढलं आणि कुणीतरी तुला ‘ही तर कॅन्सरची गोळी’ म्हणालं. तेव्हापासून डॉक्टरांची चिठ्ठी तशीच पडून आहे. तुझी भीती मला कळते गं. पण रात्ररात्र खाजवून रक्ताळलेले कोपर, रोवणीला बांधीत उतरलीस की होणारी आग, हेही मीच पाहते ना?

कॅन्सरमध्ये हे औषध पुष्कळ मोठ्या मात्रेत देतात. इसबासाठी मात्रा थोडीशी, तीही आठवड्यातून एकदाच. कातडीत उगाच भडकलेल्या प्रतिकारशक्तीला ते आवर घालतं.

म्हणून वार ठरव. रविवार तर दर रविवार. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंड सोलतं, जिवावर बेततं. फॉलिक अ‍ॅसिड वेगळं, ते डॉक्टर सांगतील त्याच दिवशी. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मध्येच सोडू नको.

सुरू करण्याआधी रक्त, यकृत, किडनी, कावीळ ब आणि क, छातीचा एक्सरे, सगळं तपासून घे. दबलेला टीबी प्रतिकारशक्ती कमी झाली की डोकं वर काढतो. घरात सिकलसेल असेल तर तेही सांग. पुढेही रक्ततपासणी चुकवायची नाही, ती उपचाराचाच भाग आहे. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दर वेळी नागपूरची गाडी धरण्याआधी त्याला जोडलेल्या केटीएस रुग्णालयात विचारून बघ.

आणि लाजू नको, बाळाचा विचार असेल तर आधी बोल. या गोळीवर दिवस राहू द्यायचे नाहीत, गर्भाला धोका असतो. दुसरा मार्ग आहे. सायक्लोस्पोरिन काही आठवड्यांतच गुण देतं, पण त्यात रक्तदाब आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. तुला कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतील.

अंगदुखीची गोळी, अँटिबायोटिक दुकानातून परस्पर घेऊ नको, काहींचं मेथोट्रेक्सेटशी जमत नाही. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, धाप, यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठ.

खाज सोसत बसणं म्हणजे सहनशीलता नव्हे, बाई. उद्या चिठ्ठी घेऊन निघ. मी सोबत येते, विचारायचं ते दोघी मिळून विचारू.