क्षयरोग, अर्धे ताट आणि शेजाऱ्याचा हक्क

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधील ही हकीकत आहे. आमच्या मशिदीत तरावीहच्या नमाजला एक यंत्रमाग कामगार नियमाने येत असे. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळा, आणि खोकला असा की सलाम फिरताच तो रुमाल तोंडाशी धरून मागे सरकायचा. विचारपूस केली तर ‘रुईची धूळ आहे, मौलाना’ एवढेच उत्तर मिळे. बारा तासांची पाळी करून हा मनुष्य सर्व रोजे ठेवतो, याचे मला मोठे कौतुक वाटले. एका जुम्याच्या बयानात नाव न घेता मी त्याचा दाखलाही दिला. त्याला क्षयरोग झाला आहे, सरकारी दवाखान्यातून औषधे मिळत आहेत आणि रोजा सुटू नये म्हणून त्याने ती महिनाभर बंद ठेवली आहेत, हे मला ईदनंतर समजले. जे त्याने लपविले होते, त्याचीच मी मिंबरवरून वाहवा केली होती.

रोज्याचा मसला यात सरळ आहे. दिव्य कुरआनने सूरह बकरामध्ये आजारी मनुष्याला रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. बरे झाल्यावर त्याने ते पूर्ण करावेत. औषधे चालू असताना रोजा झेपेल की नाही हे डॉक्टरने सांगावयाचे असते, इमामाने नव्हे. क्षयरोगाची औषधे मधेच सोडली तर जंतू त्या औषधांना जुमानेनासे होतात आणि मग उपचार लांबतो, अधिक जड होतो. याच्या बाबतीत तसेच झाले.

परंतु हा मसला त्याला ठाऊक नव्हता असे नाही. त्याला भीती होती ती दुसरी. यंत्रमागावर जितके कापड तितकी मजुरी. खाडा पडला की रोजी बुडाली. मालकाला आजार कळला तर काम जाणार. ज्या खोलीत तो राहत होता, तिथे दिवसपाळीचा मनुष्य उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा होई. खिडकी एकच आणि तीही बंद. खोलीतल्या सोबत्यांना कळले तर खोली जाणार. गावी धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. तिकडे बातमी गेली तर तेही मोडणार. औषधे आणण्यासाठी दवाखान्यात जायचे तर पाळी बुडे. हे सारे त्याने मला एका बैठकीत सांगितले, कोणाविषयी तक्रार न करता. मी मात्र एवढे दिवस त्याला सब्र करण्याचा उपदेश करीत होतो.

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोगाचे कारण जंतू आहे, ही गोष्ट तेव्हापासून निर्विवाद आहे. तरीही तो जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहाच जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांचे शरीर त्याला दाबून ठेवते. ते बळ कोणाचे कमी पडते? ज्याला पोटभर अन्न मिळत नाही त्याचे, मधुमेह्याचे, एचआयव्हीबाधिताचे, तंबाखू आणि दारूने पोखरलेल्या माणसाचे. आणि जंतू वारंवार कोणाच्या श्वासात जातो? जो कोंदट खोलीत दाटीने राहतो त्याच्या. इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्याच्या कितीतरी दशके आधीपासून घटत चालले होते. अन्नामुळे घटले, घरांमुळे की रुग्णांना वेगळे ठेवल्यामुळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. औषधामुळे नव्हे, एवढे मात्र काळच सांगतो.

आपल्या देशातील एक प्रयोग याहून अधिक बोलका आहे. जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात सुमारे 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसे यांचा अभ्यास झाला. औषधे सर्वच रुग्णांना मिळाली आणि दरमहा शिधाही सर्व रुग्णांना मिळाला. फरक केला तो घरच्यांच्या बाबतीत. निम्म्या भागातील कुटुंबांत घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसासाठीही महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. उरलेल्या भागात घरच्यांना हा शिधा नव्हता. ज्या घरांत सर्वांना शिधा पोहोचला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले आणि इतरांना लागण करू शकणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण 48 टक्क्यांनी कमी आढळले. 2023 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतेही नवे औषध यात नव्हते. तांदूळ होता, डाळ होती.

हे वाचताना मला हदीसच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माननीय अबू जर (रजि.) यांना ताकीद दिली होती की रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. ‘सहीह मुस्लिम’मध्ये ही हदीस आहे. मदरशात आम्ही ती सदाचाराच्या प्रकरणात शिकलो आणि गोड शिष्टाचार म्हणून पुढे गेलो. मांस वाढविण्याची ऐपत नसेल तर पाणी वाढवा, पण भांडे आपल्यापुरते ठेवू नका, असा तो हुकूम आहे. तो रुग्णापुरता नाही, सबंध घरासाठी आहे. शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो त्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) काय म्हटले आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

रुग्ण एकटा जेवत नाही, ही साधी बाब आपण विसरतो. शासन निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यावर पैसे जमा करते. 2018 मध्ये ही रक्कम महिन्याला 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये झाली. पण घरात खाणारी तोंडे पाच असतील तर ते हजार रुपये पाच ताटांत जातात, आणि जावेतच. कोणती आई मुलांसमोर एकटी अंडे खाईल? 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ उपक्रमात कोणतीही व्यक्ती वा संस्था रुग्णाला दरमहा शिधा देण्याची जबाबदारी घेऊ शकते. पुढे घरच्या माणसांचाही त्यात समावेश झाला. मशिदीच्या कमिट्यांनी यात नाव नोंदविण्यास कोणती अडचण आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही. मिनाराच्या रंगासाठी वर्गणी आठवडाभरात जमते.

यासाठी जकात चालेल का, असे विचारले जाते. कुटुंब जकातीस पात्र असेल तर चालते. हनफी मताप्रमाणे रकमेऐवजी त्या किमतीचे धान्य देता येते. मात्र ते त्यांच्या मालकीचे करून द्यावे, मशिदीत जेवणाची पंगत मांडून नव्हे. रुग्ण मुस्लिम नसेल तर बहुसंख्य फुकहांच्या मते जकात नको. पण नफील सदक्याला अशी अट नाही आणि शेजाऱ्याच्या हक्काला तर मुळीच नाही. माननीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी आधी विचारले होते ते आपल्या यहुदी शेजाऱ्याचा वाटा पोहोचला की नाही हे.

ताट-वाटी वेगळी काढण्याविषयीही दोन शब्द. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. योग्य उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच लागण करण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. तोवर खिडकी उघडी ठेवावी, तोंडावर रुमाल धरावा, घरच्यांची तपासणी करून घ्यावी. वेगळी काढलेली वाटी मात्र औषधाहून जास्त दिवस लक्षात राहते. त्या वाटीच्या भयानेच माणसे खोकल्याला धूळ म्हणतात.

आमच्या मशिदीतून आता सात घरांना शिधा जातो. घराघरात जाऊन जितकी डोकी तितके पुडे करून देतो. सातांपैकी दोन घरे मुस्लिम नाहीत. यादी फलकावर लागत नाही. कमिटीतील एका बुजुर्गांनी देणगीदारांना दाखविण्यासाठी फोटो काढावा असे सुचविले, ते नम्रपणे नाकारले. जुम्याच्या बयानात मी त्या रमजानची माझी चूकही सांगितली, यावेळी स्वतःचे नाव घेऊन.

त्या कामगाराची लांबलेली औषधे गेल्या महिन्यात पूर्ण झाली. राहिलेल्या रोज्यांचा हिशेब त्याने एका वहीत लिहून ठेवला आहे. परवा असरनंतर ती वही घेऊन तो आला आणि कोणत्या महिन्यापासून सुरुवात करू, असे विचारू लागला. मी त्याला आधी वजन किती भरले ते विचारले.