अमेरिकेचं नागरिकत्व: खर्च किती, आणि कुठे पैसे देऊनही मार्ग नाही

अमेरिकेत बेकायदा राहणाऱ्यांचा विषय निघाला की एक बाजू ठणकावून सांगते, ‘रीतसर रांगेत या.’ दुसरी बाजू म्हणते, बहुतेकांसाठी अशी रांगच नाही. कायदा आणि दरपत्रक समोर ठेवून हिशेब केला, तर दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात बरंच तथ्य दिसतं. म्हणून ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी, आणि शेत विकून कुणाला तरी तिकडे पाठवायचा विचार चालू आहे त्या घरांनी तर नक्कीच, खिशात हात घालण्याआधी हा हिशेब पाहावा. इथले अर्जांचे बहुतेक सरकारी दर १ एप्रिल २०२४पासून लागू झालेले आहेत; नंतरचा दर असेल तिथे साल दिलं आहे. रुपयांसाठी डॉलर ९० रुपयांना धरला आहे.

सुरुवात नोकरीच्या मार्गापासून करू, कारण बहुतेक मराठी घरं त्याच मार्गावर आहेत. एच-वन-बीवर गेलेल्या माणसासाठी कंपनी ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करते. तिच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे ‘पर्म’चा, वकील आणि जाहिरातींचा खर्च मालकानेच करायचा असतो. कंपनी तो पगारातून कापून घेत असेल तर ते नियमाविरुद्ध आहे, आणि हे माहीत नसल्यामुळे मुलं गप्प बसून पैसे भरतात. आपल्या खिशातून जातो तो शेवटच्या अर्जाचा, आय-४८५चा खर्च: माणशी १,४४० डॉलर, आणि आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलाचे ९५०. दोन मोठी, दोन लहान असं कुटुंब असेल तर ४,७८० डॉलर, म्हणजे सुमारे ४ लाख ३० हजार रुपये. वैद्यकीय तपासणी आणि वकील वेगळे. अर्ज प्रलंबित असताना कामाचा परवाना हवा तर २६० डॉलर, प्रवासाचा परवाना हवा तर ६३०.

पण या मार्गावर खरा खर्च वर्षांचा आहे. नोकरीतून वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात आणि सर्वसाधारणपणे कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. त्यामुळे ईबी-२ आणि ईबी-३ या वर्गांत भारतीयांना दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. तेवढ्यात मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. वय मोजण्याचं एक सूत्र कायद्यात आहे, त्याने काही मुलं वाचतात, सगळी नाही. चौथ्या वर्षी कायदेशीर व्हिसावर आलेलं, तिथेच शिकलेलं मूल एकविसाव्या वर्षी विद्यार्थी व्हिसा शोधत फिरतं, नाहीतर जिथे कधी राहिलंच नाही त्या देशात ‘परत’ येतं. लहानपणी अमेरिकेत आलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या ‘डाका’ सवलतीचाही त्याला उपयोग नाही, कारण १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणं ही त्या सवलतीची अट होती. नियम पाळले म्हणूनच हे मूल सवलतीबाहेर राहिलं. हा उघड अन्याय आहे. मूल १५-१६ वर्षांचं झालं की वकिलाकडून त्याच्या वयाचा हिशेब लेखी करून घ्या.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्व तुलनेने स्वस्त आहे. पाच वर्षं (नागरिकाशी लग्न झालं असून त्याच्याबरोबर राहत असाल तर तीन), त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत, आणि एन-४०० हा अर्ज. ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. उत्पन्न कमी असेल तर ३८० डॉलरची सवलत मागता येते आणि फार कमी असेल तर पूर्ण माफीही. २० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांना परीक्षेत २०पर्यंत प्रश्न विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. ज्यांचं वय ५० आणि ग्रीन कार्डवरचा वास २० वर्षं, किंवा वय ५५ आणि वास १५ वर्षं, त्यांना इंग्रजीची अट नाही. दुभाषा घेऊन ही परीक्षा मराठीत देता येते. इंग्रजीच्या धाकाने अर्जच न करणारी आजी-आजोबा मंडळी बरीच असतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

एक पैसे वाचवणारी गोष्ट. आईबापांपैकी एक नागरिक झाला की त्याच्याजवळ राहणारं, ग्रीन कार्ड असलेलं १८ वर्षांखालचं मूल आपोआप नागरिक होतं. त्याच्या प्रमाणपत्राचे ऑनलाइन १,३३५ डॉलर पडतात. १६ वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट १३५ डॉलरांत येतो आणि नागरिकत्वाचा तोही पुरावाच असतो. माझ्या मते आधी पासपोर्ट काढावा, प्रमाणपत्राचं पुढे सवडीने पाहावं.

भारताच्या बाजूनेही खर्च आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे अमेरिकी नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट जमा करावाच लागतो. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड, २७५ डॉलर. ओसीआयवर मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. गावाकडे जमीन घेऊन ठेवायचा बेत असणाऱ्यांनी हे शपथविधीच्या आधी लक्षात घ्यावं.

नागरिक झालेली, २१ पूर्ण केलेली व्यक्ती आईवडिलांना बोलावू शकते. नुसत्या ग्रीन कार्डवर ते जमत नाही. आई आणि वडिलांसाठी वेगवेगळे अर्ज लागतात: आय-१३० ऑनलाइन ६२५, व्हिसा अर्ज ३२५, आर्थिक हमीपत्र १२०, कार्डाचं शुल्क २३५. एकाचे १,३०५ डॉलर, सुमारे १ लाख १७ हजार रुपये. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. पण घराचं कंबरडं मोडतं ते पुढच्या आजारपणात. पासष्टीच्या पालकांना मेडिकेअर विकत घ्यायलाही सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. तोवरच्या खासगी विम्याची चौकशी अर्ज करण्याआधी करा.

आता ज्यांच्यावरून एवढा वाद पेटतो, त्या कागद नसलेल्यांचं. व्हिसावर रीतसर येऊन मुदत उलटून राहिलेल्याने नागरिकाशी खरं लग्न केलं, तर तिथेच राहून अर्ज करता येतो: आय-१३० आणि आय-४८५ मिळून दोन हजार डॉलरांच्या थोडं वर. सीमा चोरून आलेल्याला मात्र बहुधा देश सोडून व्हिसा घ्यावा लागतो, आणि १९९६च्या कायद्याने, १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त राहिलेल्याला दहा वर्षं परत येण्यास बंदी. बंदीतून सूट मागण्याच्या अर्जाचे ७९५ डॉलर आहेत, पण त्यासाठी नवरा, बायको, आई किंवा वडील नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक लागतात. तिथे जन्मलेलं मूल त्यात धरत नाहीत. असं नातं नसलेल्याने कितीही वर्षं कर भरला, तरी त्याच्यासाठी फक्त राहिल्याबद्दलचा मार्ग नाही. अपवाद १ जानेवारी १९७२च्या आधीपासून राहणाऱ्यांचा; त्यांना कायद्यात वाट आहे. ती तारीख १९८६नंतर पुढे सरकलेलीच नाही. त्याच १९८६च्या, रेगन यांच्या काळातल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. २०१३मध्ये १३ वर्षांचा, दंड भरून नागरिकत्वापर्यंत नेणारा मार्ग सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केला, प्रतिनिधीगृहाने तो चर्चेलाच घेतला नाही. सीमेवर कडक पहारा हवा, हे मलाही मान्य आहे. पण दंड भरून, कर चुकता करून, वर्षानुवर्षं थांबायला तयार असलेल्या माणसाला उभं राहायला जागाच न देणारा कायदा अपुरा आहे.

आणि म्हणूनच ‘डंकी’वाल्या, म्हणजे चोरवाटेने अमेरिकेत नेणाऱ्या, एजंटांचं दुकान चालतं. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. परतलेल्यांनी तीस-चाळीस लाख आणि त्याहून मोठ्या रकमा दिल्याचं सांगितलं. वर वाचलेल्या सगळ्या कायदेशीर शुल्कांची बेरीज केली तरी ती याच्या जवळपासही जात नाही. शिवाय २०२५च्या नव्या कायद्याने चोरून आलेला पकडला गेला की ५,००० डॉलरचं शुल्क लावलं, आणि पूर्वी फुकट असलेल्या आश्रयाच्या अर्जाला १०० डॉलर, वर तो प्रलंबित असेपर्यंत दरसाल तेवढेच. ‘तिथे पोचून आश्रय मागा’ असं एजंट सांगतो. जामीन मंजूर झालाच तर किमान १,५०० डॉलर, आणि वकील स्वतःच्या पैशाने, हे सांगत नाही.

एजंटाकडे पावती मागून पाहा. कोऱ्या कागदावर ‘फाइल चार्ज’ आणि एक आकडा एवढंच असेल तर उठून या. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी लागते आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. अमेरिकेत सल्ला परवानाधारक वकिलाकडूनच घ्या, किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेच्या प्रतिनिधीकडून. वकिलाचं नाव त्या राज्याच्या बारच्या यादीत पाहता येतं. कोरे अर्ज कुठेही विकत घेऊ नका, ते सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि भरण्याच्या दिवशीचा दरही तिथेच पाहा. जमीन गहाण टाकायची वेळ आली असेल, तर त्याआधी अशा वकिलाला तासाभराचे पैसे देऊन एवढंच विचारा: माझ्यासाठी कायद्यात मार्ग आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर सातबारा घरीच राहू द्या.