कर्करोगाचे रोगी आणि शरीरश्रम

चिंचपोकळीहून करी रोड आणि त्यापुढे परळ. तेथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे उपचार करीत आहे. खेड्यातून गेलेला रोगी तेथून उपचार संपवून परतला, म्हणजे घरची माणसे मायेने त्यास खाटेवर निजवून ठेवतात. ही माया त्यास बाधते, हे ग्रामकार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व औषधोपचार झालेल्या ८८९ रोग्यांवर, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियात, झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाकडून तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम करविला. दुसऱ्यास केवळ माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी पहिल्या गटात शेकडा ८० जण रोग न उलटता हयात होते, दुसऱ्यात शेकडा ७४. झपाझप चालणे हाही त्यांना पुरेसा व्यायाम होता. एखाद्या औषधाने एवढा गुण दिला असता, तर लोकांनी त्यासाठी कर्जही काढले असते!

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हातास सूज येईल, म्हणून त्या हाताने घागर उचलू नये असे पूर्वी सांगत. अमेरिकेतील २००९ सालच्या अभ्यासात, शिकविल्याप्रमाणे अगदी हलक्या वजनापासून सावकाश चढत गेलेल्या स्त्रियांची सूज वाढली नाही, असे आढळले. शेतकरी स्त्रीच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी आहे, कारण हात बंद म्हणजे तिचा संसारच अडतो. मात्र पहिल्याच दिवशी भरली घागर नको.

शेतकरी म्हणतील, आम्ही जन्मभर राबतोच. खरे आहे; शेतातील कष्ट हेही शरीरश्रमच होत. परंतु ट्रॅक्टर व मोटारसायकल आल्यापासून सुगी सोडता पुष्कळांचे दिवस बसून जातात. आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रम व्हावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यायोगे चरबी व रक्तातील इन्सुलिन आटोक्यात राहून आतडे, स्तन व गर्भाशय यांच्या कर्करोगाचा संभव घटतो. तंबाखूचे विष मात्र कितीही चालले तरी उतरत नाही.

श्रम हे उपचाराच्या जागी नव्हेत. ताप, धाप, रक्तपेशींची घट किंवा हाडांत पसरलेला रोग असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करू नये. इतरांस प्रथम घरापासून गोठ्यापर्यंत, मग वेशीपर्यंत सोबतीने चालवावे, आणि दमल्यास वाटेत बसू द्यावे.