म्हशीच्या दुधाचा वारसा

एकाच आईच्या व एकाच रेड्यापासून झालेल्या दोन म्हशी एका गोठ्यात बांधलेल्या आहेत, असे समजा. दोघींना वैरण सारखी, पेंड सारखी, धार काढणारा हातही तोच. तथापि एक भांडे भरून देते व दुसरीचे अर्धेच राहते, असा अनुभव पुष्कळ घरी येतो. असे का व्हावे, ह्याचा येथे थोडक्यात विचार करू.

आपल्याकडील दुभत्या म्हशीच्या पेशीत ५० गुणसूत्रे, म्हणजे २५ जोड्या, असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून आलेले असते. म्हैस आपल्या पारडूस प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र देते, आणि ते कोणते, हे योगायोगावर ठरते. नाणे २५ वेळा उडविले असता जितके निरनिराळे क्रम संभवतात, तितके वाटे एकट्या आईकडून संभवतात. ही संख्या तीन कोटींहून अधिक आहे! मग सख्ख्या बहिणी सारख्या निघाव्या कशा? शिवाय दूध हे एकाच जनुकाचे काम नव्हे. अनेक जनुकांचा त्यात थोडथोडा वाटा असतो.

मात्र सारा भार वंशावर टाकणे योग्य नव्हे. कळपातील म्हशींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातील साधारण पाव हिस्साच वारशाचा असतो. बाकीचा चारा, पाणी, हवा, रोग व निगा ह्यांचा. उपाशी ठेवलेली उत्तम जातीची म्हैसही भांडे भरणार नाही. परंतु चाऱ्याचा लाभ बहुधा त्या वेतापुरता. वारशाचा लाभ लेकी-नातींपर्यंत पोहोचतो.

हा वारसा अर्धा रेड्याकडून येतो, आणि रेडा तर दूध देत नाही! मग त्याची परीक्षा कशी करावी? धिप्पाड अंग वा शिंगांचा डौल पाहून नव्हे, तर त्याच्या लेकींच्या दुधाची नोंद पाहून. म्हैस आयुष्यात मोजकीच पारडे देते. कृत्रिम रेतनामुळे एका रेड्याच्या लेकी हजारो गोठ्यांत जाऊ शकतात. म्हणून निवड चुकली तर हानीही तितकीच पसरते.

आणखी एक सावधगिरी हवी. हरियाणाकडील मुऱ्हा म्हैस अधिक दूध देते, म्हणून सर्वत्र तिचाच संकर करावा, असा मोह होतो. पण सोलापूर, सांगली व कोल्हापूरकडील लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस कोरड्या, उष्ण हवेत टिकते व वेळेवर गाभण राहते. हे गुणही वारशाचेच धन होत. एकदा ते कळपातून नाहीसे झाले, तर पैसे देऊन परत मिळणार नाहीत.

ज्या घरी कर्ज काढून म्हैस घेतली जाते, तेथे हे ज्ञान केवळ पुस्तकी नव्हे. ज्यांच्या घरी म्हैस आहे, त्या विद्यार्थ्यांनी एक वही घालावी. रोजचे दूध, विण्याची तारीख व पारडीचा बाप तीत लिहावा, अशी आमची सूचना आहे. आईबापांनी पुढील वगार ठेवताना ती वही अवश्य उघडून पाहावी.