लाल झाडं बघायला दिवाळीत येऊ नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला आणि आधी हसूच आलं. "ताई, दिवाळीच्या सुट्टीत येते, ती लाल-पिवळी झाडं बघायला कुठं जाऊ या?" अमेरिकेतल्या आपल्या चुलतभावानं शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातले फोटो टाकले तेव्हापासून घरात सगळ्यांनाच हे वेड लागलंय. त्याचं खरंच आहे म्हणा. तिथला तो डोंगरमाथ्यावरून जाणारा १०५ मैलांचा रस्ता, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही अंगांनी पेटल्यासारखा दिसतो. पण त्याच दिवसांत तू आमचा पसरणी घाट चढलीस तर काय दिसेल? हिरवं. आणखी वर गेलीस तर आणखी हिरवं.

मी स्वतः करून बसलेय हा उद्योग. अशीच दिवाळीची जोडून सुट्टी, गाडीत पोरं, सासूबाई, चिवड्याचा डबा. पाचगणी आमच्या वाईपासून बारा किलोमीटर, पोचायला अडीच तास. मागच्या सीटवरून लेकीचं चालूच, "आई, लाल झाडं कधी येणार?" शेवटी महाबळेश्वरला मक्याचं कणीस खाल्लं आणि परत आलो.

घोळ शब्दानं केलाय. इंग्रजीतला ऑटम म्हणजे शरद, असं आपण शाळेत पाठ केलं. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकता गेलेला, जमिनीत ओल, ओढे वाहते. झाडानं पानं टाकावीत कशाला? तिकडं थंडी येते, दिवस आखडतो, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि रंग वर येतात. आपल्या झाडांना काळजी पाण्याची, आणि ती लागते पौष-माघात. म्हणून आपली पानगळ शिशिरातली. त्यातही पानं गळताना बहुतेक नुसती पिवळट, तपकिरी होतात. लाल होतात ती फुटताना.

एक ठळक अपवाद मात्र तुझ्या सोसायटीतच असेल बघ. देशी बदाम. त्याची मोठी पानं गळायच्या आधी शेंदरी-लाल होतात, थेट अमेरिकेसारखी. डिसेंबर-जानेवारीत पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपांवर पडलेली असतात आणि लोक वॉचमनवर ओरडतात, झाडलं का नाही म्हणून.

तेव्हा रजा घ्यायचीच तर होळीच्या मागेपुढे घे. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा. त्यावेळी कुसुंब फुटतो. मला तो पहिल्यांदा नीट दिसला तो स्कूटर पंक्चर झाली म्हणून. धोमच्या वर, जोरच्या रस्त्याला, ओढ्याकाठी. सगळा डोंगर करपलेला आणि मध्ये एकच झाड रक्तासारखं लाल. मला वाटलं फुलंच आहेत. जवळ गेले तर पानं! एक डहाळी हातात धरली. पानं इतकी मऊ की ओल्या मलमलीसारखी खाली लोंबत होती, उन्हाच्या बाजूनं बघितलं तर एकेक शीर मोजता येत होती. दहा-पंधरा दिवसांनी मुद्दाम परत गेले, तर झाड हिरवंगार. मला ते ओळखूसुद्धा येईना.

कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं तयार नसतं. तोवर अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य त्याला मार्चच्या उन्हापासून सांभाळतं, आणि लाल पान किड्यांनाही फारसं भुरळ घालत नाही असं म्हणतात. पिंपळाची तांब्यासारखी पालवी, आंब्याची मनुक्याच्या रंगाची, वडाचे लालसर कोंब, सगळ्यांच्या मागे हेच. पाडव्याला आपण गूळ-ओवा घालून कडुनिंबाचा पाला खातो ना, तो कोवळाही तांबूसच असतो. आई नेहमी शेंड्याचाच खुडायची, आठवतंय?

आता फिरायचं कसं. एक दिवस वाईतच घालव, घाईनं वर पळू नकोस. सकाळी सातला गणपती घाटावर जा, पिंपळाखाली बस, मग मेणवलीच्या घाटावर. सुरूरहून वाईला येताना उरलेले जुने वड बघतच येशील. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर. वाईपासून जेमतेम बत्तीस किलोमीटर, पण तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आमच्या वाईत त्याच्या पासंगालाही नाही. त्यामुळं तासाभराच्या वाटेत तू दोन वेगळी जंगलं बघतेस. खाली उघडेबोडके पांगारे आणि सावरी, लाल फुलांनी भरलेल्या. वर कधीच ओकं न होणारं जांभूळ, अंजनी, पिसा यांचं रान. जांभळाला त्याच सुमारास गुलाबी-तांबूस पालवी येते, आणि अंजनीच्या फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके चिकटतात. पॉइंटांवर गर्दी असते, जुन्या महाबळेश्वरकडच्या रस्त्यावर कुठंही उतर. काळा चष्मा मात्र काढून ठेव गं, त्यानं रंग मंद दिसतात.

राष्ट्रीय उद्यानच हवं असेल तर आपल्याजवळ चांदोली. कराडवरून शिराळा तालुक्यात वारणावतीला जायचं. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्य जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पण वाघ दिसेल म्हणून जाऊ नकोस, झाडांसाठी जा. पावसाळ्यात बंद असतं, एरवीही आधी वनखात्याकडं चौकशी करूनच नीघ. तिकडं आणि कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या बाजूला, किंजळ भरपूर. तुला अगदी नोव्हेंबर-डिसेंबरातच सवड होणार असेल तर हाच उतारा आहे माझ्याकडं. किंजळाला तेव्हा गंजाच्या रंगाची फळं लगडतात आणि लांबून आख्खी उतरण तांबडी दिसते. पानं हिरवीच असतात, पण फोटोत भावाला कळायचं नाही! कासचा सडाही तेव्हा फुलं सरून वाळल्या गवतानं सोनेरी झालेला असतो, आणि माणसं गेलेली असतात.

एक ताकीद. जानेवारीपासून पुढं रानाच्या कडेला वेलींवर मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगा लोंबताना दिसतील. सगळ्यात सुंदर रंग तोच असतो. हात लावायचा नाही. खाजकुयली आहे ती. मी फोटोसाठी एक बाजूला सारली आणि रात्रभर हात पाण्यात घालून बसले. लागलीच तर खाजवू नकोस, चिकटपट्टी लावून कुसं उपटून काढ.

दुसरी गोष्ट वणव्याची. त्याच महिन्यांत कुणीतरी गवताला काडी लावतं, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीनं. रात्री वाईच्या गच्चीवरून डोंगरावर आगीची माळ दिसते. गेल्या साली मी ज्या उतरणीवर तुला नेणार होते ती आठ दिवस आधी काळी झाली. तेव्हा ठरवलेली जागा गेली तर रुसू नकोस, दुसरी शोधू.

आणि हे फक्त तुला म्हणून सांगते. नवऱ्याची रजा, पोरांची परीक्षा, सगळं जुळेल तेव्हा येईन, असं म्हणशील तर कुसुंब थांबणार नाही. मी पाच वर्षं जुळवत बसले होते, शेवटी पंक्चरनं जुळवलं. एकटी ये. स्वारगेटवरून एसटीत बसलीस की दोन-अडीच तासांत वाई. पोरं दोन दिवस बापाच्या हातचं खातील, मॅगी तर मॅगी.

तारीख मी आत्ता देत नाही. दरसाल चार-आठ दिवस इकडं-तिकडं होतंच. मी रोज सकाळी घाटावर जाते, पिंपळावर लक्ष ठेवते. त्याला तांबूस टोकं दिसली की तुला फोन करीन. तू रजेचा अर्ज तेवढा लिहून ठेव, तारखेची जागा मोकळी सोडून.